एका खंडित दाखल्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना दाखला आहे. स्वभावाने जरा चिडका आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण माझी हकीकत ऐकलीत, तर तुम्हीच म्हणाल की याचे डोके अजून ठिकाणावर कसे राहिले!

मी शाळेचा किंवा जन्माचा दाखला नव्हे. मी धंद्याच्या नोंदणीचा दाखला. माझा जन्म सरकारी छापखान्यात झाला. जाड, सायीच्या रंगाचा कागद, कडेने हिरवी वेलबुट्टी आणि खाली डाव्या हाताला बोट फिरवले की लागेल असा उठावाचा शिक्का. या संस्थेला लोकांची थकलेली येणी वसूल करण्याची परवानगी आहे आणि हे काम तिने सभ्यपणे, कायद्याने करावे, असे माझ्यावर छापलेले होते.

मला न्यायला मामा आले होते. मामा म्हणजे खरे तर एका भाचीचेच मामा, पण सारी गल्ली त्यांना मामाच म्हणे. त्या दिवशी त्यांनी घडीच्या रेघा न मोडलेला नवा सदरा घातला होता. भरलेले ताट न्यावे तसे त्यांनी मला दोन्ही हातांवर आडवे धरून नेले. सुताराकडून काचेची चौकट करून घेतली आणि आपल्या टेबलामागच्या भिंतीवर, बसणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर टांगले.

मित्रांनो, वसुलीचा धंदा कोणाला आवडत नाही. माणूस दुकानातून उधारीवर माल नेतो, पैसे द्यायचे राहतात, महिने उलटतात. मग दुकानदार वसुली करणाऱ्याला गाठतो. काही वसुलीवाले दारात खुर्ची टाकून बसतात आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असे ओरडतात. मामांना त्याची शिसारी येई. "अब्रू गेलेला माणूस पैसे देत नाही, गाव सोडतो," असे ते म्हणत. संध्याकाळी सातनंतर त्यांनी कधी कोणाला फोन केला नाही.

नवा माणूस भीत भीत समोर येऊन बसला, की मामा आधी माझ्याकडे बोट दाखवीत. "हे वाचा. वाचून झालं की बोलू." माणूस मला वाचायचा. वाचता वाचता त्याचे खांदे हळूहळू खाली यायचे. आपण कोणा भामट्याच्या तावडीत सापडलो नाही, एवढे त्याला कळायचे. माझे कौतुक झाले ते असे, न बोलता झाले.

दरवर्षी नोंदणीचे नूतनीकरण होई. मग नोंदणी कार्यालयातून नव्या सालाचे एक गोल तिकीट येई आणि मामा ते माझ्या उजव्या कोपऱ्यात चिकटवीत. अशी एकोणीस तिकिटे माझ्या अंगावर लागली. विसावे लागले नाही. माझे सगळे रडगाणे तिथूनच सुरू होते.

मामांचे गुडघे गेले. त्यांनी कारभार भाचीकडे सोपवला. ती अकरा वर्षे शेजारच्या टेबलावर बसून काम शिकली होती. कचेरीत तिला सारे ताई म्हणत. किल्ल्या तिच्याकडे आल्या, कपाटे तिच्याकडे आली. नूतनीकरण मात्र कोणाकडेच आले नाही. मामांना वाटले, पोरगी करील. पोरीला वाटले, हे काम मामा आजवर कोणाच्या हाती देत नाहीत, तेच करतील. आधी तू का आधी मी, असा वादसुद्धा झाला नाही. दोघेही मागेच!

त्यात भर म्हणून कोणीतरी माझ्याच खिळ्याला कॅलेंडर अडकवले. मोठ्या आकड्यांचे, चकचकीत. मी कमरेपर्यंत झाकला गेलो. माझी मुदत संपल्याची तारीख तारखांच्याच ढिगाखाली गाडली गेली. माणसे रोज त्या कॅलेंडरकडे बघत, कोणाचा हप्ता कधी ते सांगत, आणि मागे मी आतल्या आत ओरडत होतो: अरे, पान उचला! एकदा तरी पान उचला!

पान उचलले गेले ते एका परक्या माणसामुळे. शिवणयंत्रांचा एक व्यापारी ताईंना वसुलीची कामे देत असे. त्याच्या कारकुनाने एक दिवस सरकारी यादी तपासली आणि फोन केला. "ताई, तुमचं नाव यादीत नाही. पुढे लिहिलंय, 'नोंदणी खंडित'. छपाईची चूक असेल, नाही?"

ताई उठल्या. कॅलेंडर काढून टेबलावर ठेवले. मला वाचले. मग ज्या खुर्चीवर भ्यालेली माणसे बसत, त्या खुर्चीवर त्या मटकन बसल्या.

मुदत संपून अठ्ठावन्न दिवस झाले होते. नियम असा होता की नव्वद दिवसांच्या आत अर्ज पूर्ण केला तर जुनी नोंदणी पूर्ववत होते. एक दिवस जरी उलटला, तरी सारे पहिल्यापासून: नवा अर्ज, नवी चौकशी, वर्षभराची वाट. आणि तोवर वसुलीचा एक शब्द बोलायचा नाही, एक पैसा घ्यायचा नाही.

कचेरीत ताईंखेरीज एकच माणूस होता. त्यांना फोनकाका म्हणत. थकबाकीदारांशी बोलण्याचे काम त्यांचे. कोमट पाण्यासारखा आवाज. त्यांनी दार लोटून घेतले आणि हळूच म्हणाले, "ताई, एवढं मनावर घेऊ नका. कोणाला कळतंय? महिनाभर गुपचूप चालू ठेवू, तोवर होईल काम."

"काका, येणाऱ्या प्रत्येकाला मामा हा दाखला वाचायला लावायचे. आता काय, उलटा टांगू?"

फोनकाका आपल्या टेबलाशी जाऊन बसले. थोड्या वेळाने फोन वाजला. "हा तरी उचलू का?"

"उचला. वसुलीचं बोलू नका."

"मग काय बोलू? हवापाण्याचं?"

त्या दिवसापासून फोनकाका हात मांडीवर ठेवून बसू लागले. त्यांची ती बसण्याची तऱ्हा बघून माझ्या काचेलाच तडा जातो की काय, असे मला वाटे.

त्याच आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. त्यांनी व्यापाऱ्याकडून तीन यंत्रे उधारीवर घेतली होती, मोठे गिऱ्हाईक बुडाले आणि हप्ते थकले. यंत्रे उचलून नेण्याची वेळ आली तेव्हा ताईंनी मध्ये पडून लहान हप्ते बांधून दिले होते. अट एकच होती: दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत हप्ता आला पाहिजे. एक जरी चुकला, तर यंत्रे परत. बाई आठ महिने नेमाने येत होत्या. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवले. ताईंनी ते बोटाने परत त्यांच्याकडे सरकवले.

"मला घेता येत नाही."

"म्हणजे? कमी आहे का? मोजा की."

"कमी नाही हो. आमची नोंदणी खंडित झालीय. मी पैसे घेतले तर तो गुन्हा होईल."

बाई उभ्याच राहिल्या. "ताई, देणं चुकवायला लोक मागच्या दारानं पळतात. मी पुढच्या दारानं आणून देते, तर तुम्ही नको म्हणता? उद्या तो व्यापारी यंत्रं न्यायला आला, तर त्याला काय सांगू? वसुलीवाल्यांनीच घेतले नाहीत म्हणून? कोण विश्वास ठेवील?"

ताईंनी पर्स घेतली, चपला घातल्या आणि त्या बाईंबरोबर व्यापाऱ्याकडे गेल्या. तिथे हप्ता थेट त्याच्या कारकुनाच्या हातात दिला आणि समोर उभे राहून बाईंना पावती मिळवून दिली. वसुलीतल्या आपल्या वाट्यावर पाणी सोडले. व्यापाऱ्याने मात्र जाता जाता बजावले: महिनाअखेरपर्यंत नोंदणी दाखवा, नाहीतर तुमच्याकडची सगळी प्रकरणे दुसऱ्यांना देतो. दुसरे कोण, ते सर्वांना ठाऊक होते. तेच, दारात खुर्च्या टाकणारे.

मित्रांनो, आता माझ्या हेलपाट्यांना सुरुवात झाली. अर्जासोबत मूळ दाखला हवा होता, म्हणून दर खेपेला मलाही जावे लागे. पहिल्याच खेपेला जिन्यात माझी चौकट कठड्यावर आपटली आणि काच खरोखरच तडकली. पुढे मला दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, दोरी बांधून कापडी पिशवीतून नेऊ लागले. एकोणीस तिकिटांचा मानकरी मी, भाजीसारखा पिशवीतून हिंडत होतो!

नोंदणी कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होते. लिफ्टवर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी होती आणि त्या पाटीचाही रंग उडाला होता. दोन नंबरच्या खिडकीत तासभर रांग लावल्यावर कळले की आमचे काम चार नंबरच्या खिडकीत आहे. चार नंबरच्या खिडकीत साखळीचा चष्मा घातलेल्या एक बाई बसत. छोटा पंखा स्वतःकडे वळवलेला, आणि समोरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांवर स्टेपलर ठेवलेला. त्यांनी अर्ज चाळला.

"जामीनपत्र कुठंय?"

जामीनपत्र म्हणजे एका जामीनदार कंपनीची हमी. वसूल केलेले पैसे संस्थेने मालकाला दिले नाहीत, तर ते कंपनी भरून देते. जुन्या जामीनपत्राची मुदत माझ्याबरोबरच संपली होती. ताई कंपनीत गेल्या. कंपनी म्हणाली, आधी नोंदणी दाखवा, मग जामीन देतो. ताई परत खिडकीत आल्या. खिडकी म्हणाली, आधी जामीन दाखवा, मग नोंदणी देतो. कोंबडी आधी की अंडे आधी, या वादात नऊ दिवस गेले.

घरी बसून मामा रोज फोन करीत. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिले. "एकोणीस वर्षांत माझी एक तारीख चुकली नाही. अगं, लक्ष नको का? डोळे काय पाठीला लावलेत?" ताई फोन कानापासून वीतभर लांब धरून "हो मामा, हो मामा" म्हणत. ऐकून ऐकून माझ्या कडा कुरतडल्यासारख्या होत.

दुसऱ्या खेपेला शुल्क नडले.

"हे 'नूतनीकरणा'खाली भरलंय. तुमचं 'पूर्ववत करणं' आहे."

"रक्कम तीच आहे ना?"

"रक्कम तीच. रकाना वेगळा."

"मग रकाना बदला."

"तो मला बदलता येत नाही. परताव्याचा अर्ज करा, परतावा आला की पुन्हा भरा."

ताईंनी तिथल्या तिथे दुसऱ्यांदा पैसे भरले. मग बाहेरच्या बाकावर बसून, मला मांडीवर घेऊन, त्या अर्जाची मागची बाजू वाचू लागल्या. मुंगीएवढी अक्षरे. सहाव्या टिपेत लिहिले होते: खंडित नोंदणीच्या बाबतीत जामीनदाराचे इरादापत्र पुरेसे आहे. म्हणजे 'नोंदणी पूर्ववत झाली की आम्ही जामीन राहू' एवढे लिहिलेले कंपनीचे पत्र चालत होते! ताई तडक खिडकीकडे गेल्या.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही."

भिंतीवर डोके आपटायला मला डोके नव्हते, एवढेच काय ते सुख.

इरादापत्र मिळाले. तिसऱ्या खेपेला वाटले, आता हत्ती गेला, शेपूट राहिले. पण शेपूटच दारात अडकले. नोंदवहीत 'जबाबदार व्यक्ती' म्हणून अजून मामांचेच नाव होते. त्यांचे ओळखपत्र हवे होते, आणि त्यांनी स्वतः येऊन खिडकीसमोर सही करायला हवी होती. चौऱ्याऐंशी दिवस झाले होते.

ताई तशाच मामांच्या घरी गेल्या. मी पिशवीत होतोच.

"आलीस? झालं का, का अजून घोळच घालते आहेस?" मामांनी सुरुवात केली.

"तुमचं ओळखपत्र हवंय मामा. कुठं असतं?"

"टीव्हीखालच्या खणात. नीट बघ, उचकापाचक करू नको."

ताईंनी खण ओढला. वर औषधांच्या चिठ्ठ्या, खाली विजेची बिले, त्याखाली दोन तपकिरी लिफाफे. न फोडलेले. वर नोंदणी कार्यालयाचा छाप. धंदा सुरू झाला तेव्हा कचेरी नव्हती, मामांच्या पुढच्या खोलीतच सारे चाले. तोच पत्ता कागदोपत्री तसाच राहिला होता. मुदत संपण्याआधी एक सूचना आली होती आणि संपल्यावर दुसरी. दोन्ही खणात गेल्या होत्या.

ताईंनी ते लिफाफे मामांच्या समोर टीपॉयवर ठेवले.

"मला वाटलं, फोनचं बिल आहे," मामा म्हणाले.

एवढ्या दिवसांचे साचलेले ताईंच्या तोंडून बाहेर पडले. "मामा, रोज! रोज सकाळी फोन करून मला झापलंत तुम्ही! कचेरीत फोनकाका नुसते बसून आहेत, त्या शिवणकामवाल्या बाईंनी मला तोंडावर सुनावलं, रात्री मी स्वतःला विचारत बसते की मी इतकी निष्काळजी कशी झाले! आणि कागद तुमच्या बुडाखाली! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!"

म्हणून झाले आणि त्यांचे त्यांनाच वाईट वाटले. मामांशी त्या आजवर असे बोलल्या नव्हत्या. मामांनी दोन्ही लिफाफे उचलून हातात घेतले. मग म्हणाले, "खिडकी किती वाजेपर्यंत असते?"

"मामा, तीन मजले आहेत. लिफ्ट बंद."

"खिडकी किती वाजता बंद होते, ते विचारलं मी."

सत्त्याऐंशीव्या दिवशी मामा आले. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला फोनकाका. दर सात-आठ पायऱ्यांनी थांबायचे. पहिल्या मजल्यावर त्यांनी कपाळ पुसले. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी स्टूल आणून दिले. "बास करू या, मामा," ताई म्हणाल्या. मामांनी नुसता हात हलवला. वर पोचलो तेव्हा चार नंबरची खिडकी जेवणासाठी बंद होत होती. फोनकाका पुढे झाले. जन्मभर कमावलेला तो कोमट आवाज त्यांनी काढला: "बाई, तेवढं पाच मिनिटं. ते पायऱ्या चढून आलेत." बाईंनी मामांच्या पायांकडे पाहिले आणि खिडकीचे दार परत वर केले.

त्यांनी अर्ज वाचला. एका रकान्यावर पेन टेकवले. "'नोंदणी खंडित होण्याचे कारण'. इथं लिहिलंय, 'अनवधानाने'. कोणाच्या अनवधानाने?"

"माझ्या," ताई म्हणाल्या.

मी पुठ्ठ्याच्या फटीतून बघत होतो. मामांनी ताईंच्या हातातून पेन घेतले. 'अनवधानाने' खोडले आणि तिथे सावकाश, सुबक अक्षरांत लिहिले: 'सूचना वेळेवर आल्या होत्या. मी त्या उघडल्या नाहीत. चूक माझी, भाचीची नाही.' खाली सही केली.

खिडकीतल्या बाईंनी ते दोनदा वाचले. "या रकान्यात सगळे टपालवाल्याला दोष देतात," त्या म्हणाल्या. "किंवा मला." मग त्यांनी पंखा थोडा बाहेरच्या बाजूला वळवला, मामांच्या दिशेने, आणि शिक्के मारू लागल्या.

नवा दाखला यंत्रातून सरसर बाहेर आला. पातळ, पांढरा, उठावाचा शिक्का नाही. पण क्रमांक माझाच होता. मग त्यांनी मला पुठ्ठ्यातून काढले आणि माझ्या छातीवर आडवा लाल शिक्का मारला: 'रद्द'.

"हा आम्हाला परत मिळेल?" मामांनी विचारले. "घरी ठेवीन म्हणतो."

"मूळ दाखला जमा करावा लागतो. नियम आहे."

मामा वाद घालतील असे मला वाटले. त्यांनी फक्त माझ्या त्या उठावाच्या शिक्क्यावरून एकदा बोट फिरवले आणि मला खिडकीतून आत सरकवले. तेवढ्यात ताई फोनकाकांना म्हणाल्या, "काका, फोन आहे ना जवळ? आधी व्यापाऱ्याला लावा. नोंदणी झाली म्हणावं, एकही प्रकरण हलवायचं नाही. मग शिवणकामवाल्या बाईंना."

"त्यांना काय सांगू?"

"पुढचा हप्ता आपल्याकडे आणा म्हणावं. आणि चहा घेऊनच जा म्हणावं."

आता मी चार नंबरच्या खिडकीमागच्या खोलीत, ताईंच्या फायलीत राहतो. अंगावर नाडी आवळलेली, डोक्यावर इतरांचे गठ्ठे. इथे सगळेच माझ्यासारखे आहेत. कोणाचे 'तो करील' म्हणून राहिले, कोणाचे 'ती करील' म्हणून. रात्रंदिवस एकमेकांची गाऱ्हाणी ऐकून जीव मेटाकुटीला येतो.

काही महिन्यांनी खिडकीशी ओळखीचा आवाज ऐकू आला. मामा होते. नूतनीकरणाचा अर्ज घेऊन आले होते, आणि तोही मुदत संपायला पाच महिने असताना.

"इतक्या लवकर घेता येत नाही," बाई म्हणाल्या. "साठ दिवस आधी या."

"पण सगळं बरोबर आहे की! पत्ता कचेरीचा टाकलाय, जबाबदार म्हणून भाचीचं नाव घातलंय. शुल्काचा रकानासुद्धा दोनदा तपासून घेतलाय."

"बरोबर आहे. पण लवकर आहे."

"अहो, उशीर केला तर रद्द, लवकर केलं तर परत. मग माणसानं करायचं तरी काय?"

बाईंनी अर्ज परत बाहेर सरकवला. मित्रांनो, मी एवढेच सांगेन, की भिंतीवरच्या दाखल्यांना तोंड नसते. वर्षातून एकदा आम्हाला नीट वाचा, दारात आलेले लिफाफे उघडा, आणि घरातले काम कोणाचे आहे ते एकमेकांना तोंडाने विचारा. आणि चूक झालीच, तर ज्याची आहे त्याने ती आपल्या हाताने लिहावी. एका म्हाताऱ्याने तसे लिहिले, म्हणून गावातल्या तीन शिवणयंत्रांचा आवाज अजून चालू आहे. मी इथे कितीही चिडलो, तरी ते आठवले की जरा शांत होतो.